चार कार्डे, एक कर्ज: बँक तुमचा अर्ज कसा वाचते

प्रश्न: आम्ही दोघेही नोकरी करतो. हातात येणारा पगार माझा ५८,००० आणि पत्नीचा ३६,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता १९,५०० आणि दुचाकीचा ३,२०० रुपये, त्याचे अजून सात हप्ते बाकी आहेत. चार क्रेडिट कार्डांवर मिळून ४,८०,००० रुपये थकले आहेत. चारही कार्डांची मिळून मर्यादा ५,७५,००० आहे. दर महिन्याला किमान रक्कम भरतो. मागच्या वर्षी माझ्या एका कार्डाचे बिल दोनदा उशिरा भरले गेले, एरवी चूक नाही. घरखर्च ४५,००० रुपये. कार्डे मिटवण्यासाठी ७ लाखांचे वैयक्तिक कर्ज दोघांच्या नावे काढावे आणि उरलेल्या पैशात घराची डागडुजी करावी, असा विचार आहे. सहा महिन्यांची बिले सोबत जोडली आहेत. अर्ज मंजूर होईल का? बँक नेमके काय तपासते? (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर: ७ लाखांचा आग्रह सोडा. साडेपाच लाख मागा, ते पैसे थेट कार्डांच्या खात्यात जातील असे बँकेला लिहून द्या आणि सर्वात जुने एक सोडून बाकी तीन कार्डे बंद करण्याची तयारी दाखवा. असा अर्ज मंजूर होण्याजोगा आहे. पण तुमची बिले वाचल्यावर मंजुरीपेक्षा मोठी काळजी वेगळीच वाटते, तिच्याकडे आधी वळू.

तुमच्या एका कार्डावर १,८०,००० रुपये थकलेत आणि त्याचा दर महिना ३.५ टक्के आहे. म्हणजे महिन्याचे व्याज ढोबळमानाने ६,३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४ रुपये, एकूण ७,४३४. किमान रक्कम ५ टक्क्यांनी ९,००० येते. ती भरल्यावर मुद्दल कमी होते फक्त १,५६६ रुपयांनी. आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर ४,००० रुपयांची खरेदी झाली आहे, त्यामुळे थकबाकी कमी व्हायच्या ऐवजी जवळपास अडीच हजारांनी वाढली आहे. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते, हेही विसरू नका.

चारही कार्डे धरली तर महिन्याला नुसते व्याज आणि कर मिळून १९,८०० रुपयांच्या आसपास जातात. तुम्ही २४,००० भरता आणि सरासरी १०,००० ची नवी खरेदी करता. म्हणजे देणे दरमहा पाच-सहा हजारांनी फुगते आहे. घरखर्च ४५,००० लिहिलात, पण त्यात कार्डावरचा किराणा आणि पेट्रोल धरलेले नाही. खरा घरखर्च ५५,००० आहे. कर्जाचा अर्ज तपासणारा अनुभवी अधिकारी सहा महिन्यांची बिले शेजारी-शेजारी मांडून आधी हेच पाहतो: थकबाकी जुन्या एखाद्या मोठ्या खर्चामुळे झाली आणि तिथेच थांबली, की दर महिन्याच्या तुटीतून वाढत चालली? पहिल्या प्रकारात एकत्रीकरणाचे कर्ज, म्हणजे सगळी देणी फेडून एकच हप्ता ठेवणारे कर्ज, खरोखर उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात वर्ष-दीड वर्षाने कर्जाचा हप्ताही असतो आणि कार्डेही पुन्हा भरलेली असतात. आज तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात, आणि ते अर्ज करण्याआधी बदलावे लागेल. आजपासून चारही कार्डांवरची खरेदी पूर्ण थांबवा, दोन बिले तशी येऊ द्या, मग अर्ज करा. त्या दोन महिन्यांत किराणा आणि पेट्रोलचे दहा हजार पगारातूनच द्यायचे आहेत, आणि किमान रक्कम भरल्यावर तुमच्याकडे २,३०० रुपयेच उरतात. कात्री लावावीच लागेल. बोनस किंवा मोडता येण्यासारखी ठेव असेल तर ती याच कामी आणा. नवी खरेदी नसलेली दोन बिले अर्जाला जोडली, तर अधिकाऱ्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आता बँकेचे गणित. पगारातला किती हिस्सा ठरलेल्या देण्यांत जातो, हे प्रमाण बँका काढतात. त्याला एफओआयआर म्हणतात. तुमच्या उत्पन्नगटात साधारण ५० टक्क्यांपर्यंत चालते, काही ठिकाणी थोडे वर-खाली. कार्डाचा हप्ता नसल्यामुळे थकबाकीच्या ५ टक्के रक्कम देणे म्हणून धरण्याची पद्धत आहे. तुमची आजची देणी: २२,७०० चे हप्ते आणि कार्डांचे २४,०००, मिळून ४६,७००. ९४,००० च्या उत्पन्नावर हे प्रमाण ४९.७ टक्के झाले. त्यावर ५.५ लाखांचा १६ टक्के दराने चार वर्षांचा हप्ता, १५,५८७ रुपये, चढवला तर प्रमाण ६६ टक्क्यांवर जाते आणि अर्ज तिथेच संपतो. पण पैसे थेट कार्ड कंपन्यांना जाणार आणि तीन कार्डे बंद होणार असे कागदावर असेल, तर २४,००० वजा होतात आणि प्रमाण ४०.७ वर येते. माणसे तीच, पगार तोच. म्हणून अर्ज करतानाच 'क्रेडिट कार्ड बॅलन्स ट्रान्सफरसाठी वैयक्तिक कर्ज' असे स्पष्ट म्हणा. पैसे बचत खात्यात मागितलेत, वर डागडुजीसाठी दीड लाख जास्त मागितलेत, की कार्डे फिटतील ही खात्री अधिकाऱ्याला राहत नाही. देणे वाढत असलेल्या घराला हातात नवे पैसे द्यायला तो का-कू करणारच. रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी अशा विनातारण ग्राहक कर्जांवरचे जोखीम-वजन (कर्जामागे बँकेने स्वतःचे किती भांडवल राखायचे ते ठरवणारा आकडा) १०० वरून १२५ टक्के केले, त्यानंतर तर बँका अधिकच जपून असतात.

साडेपाचच लाख का? बिलावर दिसणारे ४,८०,००० हे पूर्ण देणे नाही. तुमच्या दुसऱ्या कार्डावर फ्रिज आणि मोबाइल हप्त्यांवर घेतले आहेत. त्याचे ४२,००० मुद्दल अजून बिलात यायचे आहे. ते फेडल्याशिवाय कार्ड बंद होत नाही. मुदतीआधी हप्ते बंद करण्याचे शुल्क ३ टक्के धरले तर जीएसटीसह सुमारे १,४९० रुपये. बिलाच्या तारखेपासून पैसे पोहोचेपर्यंतचे पंधरा दिवसांचे व्याज साधारण ९,९००. बेरीज ५,३३,४०० च्या जवळ जाते. कर्जावरचे प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १२,९८० रुपये, बँक आधीच कापून घेते, ५.५ लाखांतले ५,३७,०२० हाती येतात. अशा अर्जांत सर्वात जास्त गोंधळ याच जागी होतो. अर्जदार बिलावरचा आकडा मागतो, शुल्क कापून कमी पैसे येतात, तीन कार्डे फिटतात आणि चौथे तीस-चाळीस हजारांवर लोंबकळत राहून पुन्हा वाढायला लागते. अर्जाआधी प्रत्येक कार्ड कंपनीकडून 'आजच्या तारखेला खाते पूर्ण बंद करायचे झाल्यास किती' हा आकडा ईमेलवर मागवून घ्या.

मुदतीबाबत आमचे मत अनेकांना पटणार नाही, तरी सांगतो. तीन वर्षांचा हप्ता १९,३३६ बसतो आणि एकूण व्याज १,४६,००० जाते. चार वर्षांना १५,५८७ आणि १,९८,०००. पाच वर्षांना १३,३७५ आणि २,५२,५००. व्याजाच्या हिशेबाने तीन वर्षे उत्तम. पण तुमचे ९४,००० वजा २२,७०० वजा खरा घरखर्च ५५,००० म्हणजे उरतात १६,३००. तीन वर्षांचा हप्ता यात बसतच नाही. चार वर्षांचा बसतो, पण महिन्याकाठी सातशे रुपये शिल्लक ठेवून; पहिल्याच दवाखान्याच्या खर्चाला पुन्हा कार्ड बाहेर निघेल. तुम्ही पाच वर्षांचा हप्ता घ्या. उरलेले २,९०० रुपये आवर्ती ठेवीत टाका, सात महिन्यांनी दुचाकीचे ३,२०० त्यात मिळवा आणि वर्षानंतर मुद्दलात भरणा करत चला. त्यासाठी अंशतः परतफेडीला परवानगी कधीपासून, वर्षातून किती वेळा आणि शुल्क किती, हे सही करण्याआधी करारात वाचा. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचे असते आणि स्थिर दरावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लावता येते. पहिले बारा हप्ते होईपर्यंत असा भरणाच घेत नाहीत अशाही बँका आहेत.

उशिरा गेलेल्या दोन बिलांचे काय? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच ती थकबाकी पतमाहिती कंपनीकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, कळवता येते. या कंपनीच्या तुमच्याबद्दलच्या अहवालात महिनावार चौकटी असतात. '०००' म्हणजे वेळेवर; तिथे '०१२' असेल तर बारा दिवस उशीर, 'एक्सएक्सएक्स' असेल तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून दरवर्षी एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने पतगुण (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाहीत. दोघांचेही अहवाल काढा. तिथे उशीर दिसत असेल तर कारण चार ओळींत लिहून अर्जाला जोडा. आपणहून सांगितलेला उशीर आणि अधिकाऱ्याने शोधून काढलेला उशीर यांत फार फरक पडतो.

बँक खात्याच्या सहा महिन्यांच्या उताऱ्यात अधिकारी आणखी काय शोधेल? परत गेलेले हप्ते, मोबाइल अॅपवरून घेतलेली छोटी कर्जे, पगार जमा झाल्यावर तीन-चार दिवसांत रिकामे होणारे खाते. आणि घरभाडे भरल्याचे दाखवून कार्डावरून नातेवाइकाच्या खात्यात व तिथून आपल्याच खात्यात फिरवलेले पैसे. हे शेवटचे दिसले की अर्ज सहसा फेटाळला जातो. सोबत दोघांच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, दोन वर्षांचे फॉर्म १६, गृहकर्जाचे विवरण आणि चारही कार्डांची बिले ठेवा. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी अहवालात नोंदवली जाते आणि पाच नोंदी एकदम दिसल्या की पुढचा अधिकारी सावध होतो. जिथे पगार जमा होतो त्या बँकेत आधी विचारा.

मंजुरीनंतर पैसे पोहोचले की प्रत्येक कार्डाचे पुढचे बिल उघडून बघाच. मधल्या दिवसांचे काहीशे किंवा काही हजार रुपये व्याज त्यात येते. 'कार्ड फिटले' म्हणून ते बिल न पाहिल्यामुळे नवाच उशीर अहवालात चढतो. कार्डाला जोडलेले विम्याचे हप्ते, वीजबिल, मनोरंजन वाहिन्यांची वर्गणी आधी बँक खात्यावर वळवा, कार्डावर साठलेले रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, मग तीन कार्डे बंद करा. सर्वात जुने एक ठेवा आणि त्याची मर्यादा तीस-चाळीस हजारांपर्यंत लेखी अर्ज करून खाली आणा. 'देणे बाकी नाही' असे पत्र प्रत्येकाकडून घ्या.

प्रश्न: माझे पतगुण ७६१ आणि नवऱ्याचे ६७८ आहेत. दोघांनी मिळून अर्ज करावा की माझ्या एकटीच्या नावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: सहअर्जदार घेतला की दोघांचे उत्पन्न धरले जाते, पण अहवालही दोघांचे उघडले जातात, आणि बहुतेक बँका कमी गुणांच्या आधारेच दर ठरवतात किंवा अर्ज अडवतात. आधी तुमच्या एकटीच्या पगारावर एफओआयआर काढा. तुमच्या नावावरच्या कार्डांपुरते कर्ज त्यात बसत असेल तर ते स्वतंत्र घ्या. दर बहुधा कमी पडेल. नवऱ्याच्या कार्डांसाठी तुमच्या नावावर कर्ज काढायचे असेल तर एवढे लक्षात ठेवा की हप्ता चुकला तर डाग फक्त तुमच्या अहवालावर लागेल आणि वसुली तुमच्याकडेच होईल. संयुक्त कर्जातही दोघांपैकी प्रत्येकजण पूर्ण रकमेला जबाबदार असतो, अर्ध्या-अर्ध्या नव्हे. पुढे दोघे वेगळे झाले तरी बँकेच्या दृष्टीने त्यात काही बदलत नाही.

प्रश्न: एजंट म्हणतो ९ टक्के फ्लॅट दराने कर्ज मिळेल, बँक १५.५ टक्के सांगते. एजंटचे स्वस्त ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. फ्लॅट दरात मुदत संपेपर्यंत मूळ रकमेवर व्याज मोजतात, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. १ लाखावर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज ४५,०००, हप्ता २,४१७ रुपये. घटत्या शिलकीवर हाच हप्ता सुमारे १५.७ टक्के दराला येतो. म्हणजे बँकेपेक्षा किंचित महागच, शुल्क वेगळे.

दोन प्रस्तावांची तुलना करायची ती वार्षिक टक्केवारी दरावर, म्हणजे एपीआरवर. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणे बंधनकारक आहे आणि त्यात एपीआर लिहिलेला असतो. वरच्या नाशिकच्या उदाहरणात १६ टक्क्यांचे कर्ज प्रक्रिया शुल्क धरल्यावर १७.१ टक्क्यांना पडते. विवरणात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. त्यात कर्जविम्याचा हप्ता मुद्दलात मिसळला आहे का, ते आवर्जून बघा. विमा हवा असेल तर वेगळा घ्या. मुद्दलात मिसळला की त्यावरही पाच वर्षे व्याज भरत बसाल.

प्रश्न: गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊन कार्डे फेडली तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दर बराच कमी पडतो, हे खरे. पण मुदत गृहकर्जाइतकी, पंधरा वर्षे, ठेवली तर एकूण व्याज वैयक्तिक कर्जाच्याही पुढे जाऊ शकते. मुदत पाच वर्षेच मागा. दुसरे असे की कार्डाचे देणे विनातारण आहे. टॉप-अप घेतले की तेच देणे घरावर चढते. नोकरी स्थिर असेल आणि कार्डावरचा खर्च खरोखर थांबला असेल तरच या वाटेने जा.

प्रश्न: नोकरी गेली आहे. वसुलीवाले म्हणतात, ४० टक्के भरा, प्रकरण मिटवू. हे करून नंतर एकत्रीकरणाचे कर्ज मिळेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तडजोड केली की अहवालात खाते 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसते आणि अनेक वर्षे तसेच दिसत राहते. तपासणारा अधिकारी त्याचा अर्थ 'पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच घेतो आणि नजीकच्या काळातली तडजोड असेल तर विनातारण कर्ज सहसा देत नाही. त्याआधी कार्ड कंपनीकडे थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. कार्ड गोठवले जाते, पण व्याजदर महिना साडेतीन टक्क्यांच्या मानाने बराच खाली येतो आणि परतफेड पूर्ण झाल्यास 'सेटल्ड'चा डाग लागत नाही. दुसरा मार्गच नसेल तर तडजोडीची रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही देणे नाही' हे वाक्य कंपनीच्या अधिकृत पत्रावर मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, वसुली करणाऱ्या माणसाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. येत असतील तर तारीख-वेळ नोंदवून ठेवा.

प्रश्न: कर्जातून कार्ड पूर्ण फेडले. बंद करण्यासाठी तीनदा फोन केला, दर वेळी नवी ऑफर सांगतात आणि कार्ड चालूच राहते. (एक वाचक, सातारा)

उत्तर: फोन सोडा, लेखी मागा: ईमेल किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा कार्ड बंद करण्याचा अर्ज. काही देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते. त्यानंतर बंद होईपर्यंत दर दिवशी ५०० रुपये दंड कंपनीने तुम्हाला द्यायचा असतो. ईमेलमध्ये हा नियम आणि अर्जाची तारीख लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. कार्ड बंद झाल्यावर महिनाभराने अहवाल पुन्हा काढा. खाते तिथे अजून चालू दिसत असेल तर पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवा. ती तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.